गाडी गरम झाली की बंद पडते

आमच्या घराची चूल गेली वीस वर्षे ट्रकच्या चाकावर पेटते. अब्बांनी पहिली गाडी घेतली तेव्हा आम्ही दोघे भाऊ शाळेत होतो. आज अब्बा नाहीत. एक भाऊ जालन्याच्या मोंढ्यात बसून भाडी बघतो, दुसरा गरज पडली तर स्वतः स्टिअरिंगवर बसतो. पण गाडी खऱ्या अर्थाने ज्यांच्या हातात असते ते ड्रायव्हरकाका अब्बांच्या वेळेपासून आमच्याकडे आहेत. मंठा तालुक्यातल्या एका खेड्यातले. क्लचवर पाय कसा ठेवायचा, हे आम्हाला त्यांनीच शिकवले.

ही हकीकत त्यांची आहे आणि अंगठ्याएवढ्या एका सेन्सरची आहे. या मासिकाच्या वाचकांत गाडीवर पोट असलेली घरे पुष्कळ आहेत, म्हणून ती तपशिलात लिहितो. आमची चूक झाकून लिहिता आली असती, पण मग वाचणाऱ्याला तिचा काही उपयोग झाला नसता.

आमची गाडी दहाचाकी, २०१८ची, एमएच २१ पासिंगची. जालन्याच्या कारखान्यांतून सळई भरायची आणि मंठा, जिंतूर, परभणीकडे उतरवायची, हा तिचा रोजचा धंदा. हंगामात मोसंबीही भरतो. सात-आठ वर्षे सळई वाहिलेली गाडी म्हणजे म्हातारीच समजा. तरी इंजिनाने कधी दगा दिला नव्हता.

ईद झाली, उन्हाळा चढला आणि एका दुपारी काकांचा फोन आला. “भैय्या, वाटूर फाट्याच्या अलीकडं गाडी चालता चालता गप्प झाली. सेल्फ मारतो तर फिरती, पण उचलत नाही.” आम्ही इकडे मेकॅनिक शोधत होतो, तेवढ्यात तासाभराने परत फोन. गाडी आपोआप चालू झाली होती. चार दिवसांनी तेच. तिसऱ्या वेळी तर ते ढाब्यावर चहाला थांबले, गाडी बंद केली आणि नंतर दीड तास ती सुरूच झाली नाही. तिकडे साइटवर हमाल वाट पाहून निघून गेले. माल दुसऱ्या दिवशी उतरला आणि भाड्यातून पैसे कापले गेले.

गाडी एका गॅरेजला दाखवली. त्या मिस्त्रीने डिझेल फिल्टर उघडला, आतला काळा गाळ बोटावर घेऊन आमच्या नाकाशी धरला आणि म्हणाला, “डिझेलमध्ये भेसळ आहे. ड्रायव्हरला विचारा, भरतो कुठे ते.” फिल्टर बदलला, टाकी धुतली, स्कॅनर लावून होते नव्हते ते सगळे कोड पुसून टाकले. पुढच्या दोन फेऱ्या छान झाल्या. त्या दोन्ही फेऱ्या रात्रीच्या होत्या आणि हवा गार होती, हे आमच्या लक्षात आले नाही. तिसरी फेरी दुपारची होती. गाडी परत वाटूरजवळ उभी राहिली.

आता आमच्या डोक्यात काय शिजले ते सांगायला लाज वाटते. दर वेळी तोच रस्ता, तोच पट्टा, जवळ ढाबा, आणि मिस्त्रीच्या तोंडून निघालेला भेसळ हा शब्द. डिझेल काढून विकणाऱ्या ड्रायव्हरांच्या गोष्टी या धंद्यात रोज कानावर पडतात. आम्ही मनातल्या मनात खटला चालवला आणि निकालही देऊन टाकला. काकांना समोर उभे करून विचारले. ते शांतपणे म्हणाले, “भैय्या, म्या पहिल्या दिवसापासून तेच सांगतोय. गाडी गरम झाली की मरती, गार झाली की जिती होती. मिस्त्रीला तेवढंच सांगा.” आम्हाला ते निमित्त वाटले. त्या महिन्याच्या पगारातून सहा हजार रुपये कापले आणि काही दिवस घरी आराम करा, असे सांगितले. त्याचा अर्थ त्यांना कळला. त्यांनी चाबी टेबलावर ठेवली, केबिनमधले आपले ब्लँकेट आणि पाण्याचा कॅन उचलला आणि बसस्टँडकडे निघून गेले.

गाडी मात्र बंद पडतच राहिली. आता आम्ही स्वतः चालवत होतो, डिझेल स्वतः भरत होतो. तरी आमची अक्कल जागी झाली नाही. दुसऱ्या एका ठिकाणी सांगण्यात आले की इंजिनाचा ईसीएम, म्हणजे सगळा कारभार बघणारा कॉम्प्युटर, गेला आहे. नवा टाकायचा तर खर्च लाखाच्या घरात, जुना बसवायचा तर साठ हजार. गाडीचा हप्ता अंगावर, शाळेच्या फिया तोंडावर. अम्मी हातातल्या बांगड्यांकडे बघायला लागल्या, तेव्हा कुणीतरी आम्हाला उस्तादांचा पत्ता दिला.

आधी ड्रायव्हरला आणा

उस्तादांचे गॅरेज म्हणजे पत्र्याचे शेड आणि लिंबाचे झाड. आपले नाव छापू नका, एवढीच त्यांची अट. चाळीस वर्षे पंप आणि नोझल दुरुस्त करण्यात गेलेला हा माणूस. ‘मायको’ हे नाव त्यांच्या पिढीच्या तोंडातून अजून जात नाही, जरी त्या कंपनीचे नाव बदलून बॉश लिमिटेड झाल्याला, २००८पासून, बराच काळ लोटला. स्कॅनर मात्र त्यांचा भाचा हाताळतो. तो आयटीआय शिकलेला. मामू कानाने ऐकतात आणि भाचा स्क्रीनवर वाचतो, अशी जोडी आहे.

गाडीला हात न लावता उस्तादांनी विचारले, “चालवतो कोण?”

आम्ही म्हटले, सध्या आम्हीच.

“सध्याचे सोडा. बिघाड सुरू झाला तेव्हा कोण होता? त्याला आणा.”

आम्ही काहीतरी पुटपुटलो. तो सुटीवर आहे म्हणालो.

“मग तो काय म्हणत होता ते सांगा, बेटा. शब्दाला शब्द.”

आम्ही काकांचे वाक्य सांगितले. गरम झाली की मरती, गार झाली की जिती होती. उस्ताद हसले. “अर्धी गाडी तर त्यानेच दुरुस्त करून दिली होती तुम्हाला. आणि तुम्ही ईसीएम बदलायला निघालात.”

मग त्यांनी जे समजावले ते इथे सोपे करून मांडतो. जुन्या गाड्यांत डिझेल पंप इंजिनाच्या गिअरला जोडलेला असे. इंजिन फिरले की पंप फिरायचा आणि वेळेवर डिझेल सोडायचा. त्याला कुणाला विचारायची गरज नव्हती. १ एप्रिल २०१७पासून देशभर बीएस-४ लागू झाले आणि बऱ्याच नव्या ट्रकमध्ये ही व्यवस्था बदलली. आमच्या गाडीसारख्या कॉमन रेल इंजिनात पंप फक्त दाब तयार करतो. कोणत्या इंजेक्टरने नेमके केव्हा आणि किती डिझेल मारायचे, ते ईसीएम ठरवतो. आता ईसीएम म्हणजे बंद डब्यात बसलेला आंधळा मुनीम. क्रँकशाफ्ट या क्षणी कुठे आहे हे त्याला दिसत नाही. ते सांगणारा डोळा म्हणजे क्रँक सेन्सर.

आमच्या गाडीतला हा सेन्सर फ्लायव्हीलच्या बाजूला एका बोल्टने बसवलेला आहे. आत एक लोहचुंबक आणि त्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. समोरून दाते असलेले चाक फिरते. एकेक दाता पुढून गेला की तारेत विजेची एक छोटी लाट उठते. साठ दात्यांची जागा असते, पण त्यातले दोन दाते मुद्दाम ठेवलेलेच नसतात. म्हणजे अठ्ठावन्न लाटा आणि मग एक खंड. तो खंड आला की ईसीएमला खूण पटते आणि तिथून तो सहा-सहा अंश मोजत जातो. लाटा थांबल्या की त्याच्या लेखी इंजिन थांबले. मग तो डिझेल सोडत नाही, आणि ते योग्यच आहे.

चुंबक आणि तार एकमेकांजवळ हलली की वीज उठते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१मध्ये लंडनला दाखवले. ते एका लोहाराचे पोर होते आणि पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत, तिथली पुस्तके वाचून शिकले. आणि ज्या क्रँकच्या हालचालीवर हा सेन्सर नजर ठेवतो, तो क्रँक पाणी उपसण्याच्या यंत्रात कसा वापरायचा, हे अल-जजरी यांनी दियारबकरच्या दरबारात असताना १२०६च्या आपल्या ग्रंथात चित्रांसह दाखवून ठेवले आहे. मुलांना या गोष्टी सांगाव्यात. गॅरेजमध्ये काम करणाऱ्या पोराला आपण कमी शिकलेला समजतो, तेव्हा तर नक्की सांगाव्यात.

भाच्याने स्कॅनर लावला. कोड आला पी०३३५, क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरचे सर्किट. आम्ही लगेच म्हणालो, चला, सेन्सर बदलून टाकू. उस्तादांनी हात वर केला. “कोड गुन्हेगाराचे नाव सांगत नाही, मोहल्ल्याचे नाव सांगतो. या मोहल्ल्यात सेन्सर राहतो, त्याचा प्लग राहतो, दोन तारा राहतात आणि शेवटी ईसीएमही राहतो. कुणाच्या घरी जायचे ते अजून ठरायचे आहे.” पहिल्या गॅरेजने कोड पुसले नसते, तर हा मोहल्ला तीन आठवडे आधीच कळला असता, हेही त्यांनी ऐकवले.

मीटर शून्यावर

आधी साध्या गोष्टी तपासल्या. दोन्ही बॅटऱ्या, अर्थिंगची पट्टी, सेल्फ मारताना व्होल्टेज किती पडते ते. सगळे ठीक. मग सेन्सर खोलला. त्याच्या तोंडाला लोखंडाचा काळा भुगा दाढीसारखा चिकटला होता. चुंबकच तो, भुगा ओढणारच. उस्ताद म्हणाले, “इथे पुष्कळ जण फसतात. पुसतात, बसवतात, थंड गाडी चालू होते, पैसे घेतात.” मीटर लावला तर थंड सेन्सरचा रेझिस्टन्स ९१० ओहम. अगदी निरोगी. म्हणजे गाडी आत्ता आजारीच नव्हती, आणि आजार अंगात नसताना नाडी बघून काय कळणार?

तेव्हा उस्तादांनी ठरवले की गाडीला आजारी पाडायचे. नुसती उभी ठेवून डिझेल इंजिन नीट तापत नाही, त्याला लोड हवा. आमच्याकडे मंठ्याची सळई भरायची होतीच. दुपारी साडेतीनला भरलेली गाडी घेऊन निघालो. निघण्याआधी भाच्याने सेन्सरच्या प्लगमागून दोन बारीक तारा काढून केबिनमध्ये आणल्या आणि त्या मीटरला जोडून मीटर एसी व्होल्टवर ठेवला. इंजिन वेगाने फिरले की आकडा चढायचा, हळू झाले की उतरायचा. उस्ताद मीटर मांडीवर घेऊन तसबीह फिरवत बसले होते.

वाटूर अजून थोडे पुढे होते. इंजिनाने एक आचका दिला आणि आवाज मेला.

“क्लच दाबू नका!” उस्ताद ओरडले. “गिअरमध्येच राहू द्या.”

भरलेली गाडी आपल्या वेगाने पुढे जात होती आणि चाकांच्या जोरावर इंजिन फिरतच होते. म्हणजे दात्यांचे चाकही फिरत होते. आणि मीटरवर शून्य.

या एका क्षणावर सगळा निकाल होता, म्हणून नीट सांगतो. बिघाड डिझेलचा असता, पंपाचा असता, भेसळीचा असता, तर आग विझली तरी फिरणाऱ्या इंजिनाबरोबर सेन्सरने लाटा पाठवल्याच असत्या आणि मीटरवर आकडा दिसला असता. इंजिन फिरते आहे आणि आकडा नाही, म्हणजे डिझेल निर्दोष. ज्याने डिझेल भरले तोही निर्दोष.

गाडी कडेला घेतली. भाच्याने प्लग काढला आणि गरम सेन्सरच्या दोन पिनांवर मीटर धरला. आता रेझिस्टन्स दाखवायलाच तयार नाही, आत तार तुटलेली असावी तसे. मधले वायरिंग आणि ईसीएम दोन्ही प्लगच्या पलीकडे राहिले होते, त्यामुळे त्यांच्यावरचा आरोपही गेला. असरची वेळ झाली होती. उस्तादांनी ओले फडके सेन्सरवर टाकले आणि आम्ही रस्त्याकडेच्या बाभळीखाली नमाज पढली. परत येऊन मीटर लावला तर हजाराच्या वरचा आकडा हजर, आणि एका सेल्फमध्ये इंजिन सुरू. काकांचे वाक्य आमच्या डोळ्यांसमोर खरे होऊन उभे राहिले. गार झाली की जिती होती.

आतली तार एका जागी तुटली होती, पण तुटलेली टोके एकमेकांना टेकून होती. इंजिन तापले की सेन्सरचे प्लास्टिक फुगायचे आणि टोके दूर व्हायची. निवले की परत टेकायची. जालन्याहून भर उन्हात लोड घेऊन निघालेली गाडी तेवढी तापायला साधारण तास लागतो, आणि तासाभराच्या अंतरावर वाटूर आहे. ढाबाही तिथेच आहे. त्यात काकांचा काय गुन्हा? आणि चहाला थांबल्यावर गाडी सुरू का होत नव्हती, तेही कळले. इंजिन बंद केले की पाणी आणि ऑइल फिरायचे थांबते, पण लोखंडात साठलेली उष्णता कुठे जाणार? ती काही वेळ आजूबाजूच्या भागांत चढतच राहते. म्हणून नुकत्याच बंद केलेल्या इंजिनाजवळचा सेन्सर चालत्या गाडीपेक्षाही जास्त तापू शकतो. आम्ही ज्याला बहाणा म्हणत होतो ते साधे विज्ञान होते.

रात्री घरी हीच परीक्षा परत केली, कारण अम्मींना ती बघायची होती. देगचीत पाणी उकळले, जुना सेन्सर दोऱ्याला बांधून त्याचे तोंड तेवढे पाण्यात सोडले, पिना कोरड्या ठेवल्या आणि मीटर लावला. आकडा चढत गेला, साडेनऊशे, हजार, आणि एकदम गायब. तांबे तापले की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, साधारण दर अडीच अंशांना एक टक्का, त्यामुळे चढणे ठीकच होते. गायब होणे ठीक नव्हते. दुसऱ्या दिवशी आणलेला नवा सेन्सर त्याच देगचीत सोडला तेव्हा तो अकराशेपर्यंत गेला आणि तिथेच थांबून राहिला. (ती देगची नंतर स्वयंपाकात घ्यायला अम्मींनी साफ नकार दिला. तीही आता गॅरेजची झाली.)

नवा सेन्सर घेताना

दुकानात तीन सेन्सर समोर आले. एक कंपनीचा, पार्ट नंबर कोरलेला. एक तसाच दिसणारा, निम्म्याहून कमी किमतीचा. एक दुसऱ्या गाडीचा काढलेला, पुसून पिशवीत घातलेला. उस्तादांनी आम्हाला आधीच सांगून ठेवले होते की जुन्या सेन्सरवरचा नंबर अक्षर न अक्षर जुळवा आणि मीटर सोबत न्या. स्वस्तातल्या सेन्सरचे नाक अर्ध्या मिलिमीटरने आखूड निघाले. नाक आणि दाते यांत जेमतेम एक मिलिमीटरचे अंतर असते. तिथे अर्धा मिलिमीटर म्हणजे सेल्फच्या मंद गतीत लाट इतकी दुबळी की ईसीएमला ती कळणारच नाही. काढलेला माल विकणे गैर नाही, पण तो नवा म्हणून विकणे गैर आहे. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढणाऱ्या प्रेषितांची (स.) ती हदीस आपल्याकडे जवळपास प्रत्येक दुकानदाराला पाठ असते. पुर्जांच्या दुकानात ती का आठवत नाही, कोण जाणे. आम्ही कंपनीचाच घेतला. दोन हजारांच्या आत. आमच्याकडून ईसीएमसाठी मागितलेले साठ हजार एका बाजूला, हे दुसऱ्या बाजूला.

बसवताना उस्तादांनी जागा कापडाने स्वच्छ केली, रबरी रिंगला ऑइलचे बोट लावले आणि बोल्ट हाताने धरून मग पान्याने बेताने आवळला. दोन तारांपैकी कोणती कुठे, याला महत्त्व आहे. प्लग तुटला म्हणून तारा जोडताना त्या उलट्या झाल्या, तर लाटाही उलट्या होतात. मग ईसीएमची मोजणी चुकते आणि गाडी सुरू व्हायला कुरकुर करते. एकमेकींना पीळ दिलेल्या तारा सरळ करून टेपने गुंडाळायच्या नाहीत. तो पीळ बाहेरचा विजेचा गोंगाट दूर ठेवण्यासाठी असतो. आणि हे सगळे दोन तारांच्या सेन्सरचे झाले. तीन तारांचा सेन्सर वेगळ्या जातीचा असतो. त्याच्यावर ओहमचा मीटर लावू नये. त्याला पुरवठा येतो का आणि दाता पुढून गेला की त्याचा सिग्नल वर-खाली होतो का, एवढेच बघावे.

आणखी एक गोष्ट उस्तादांनी तीनदा सांगितली, म्हणून आम्ही इथे एकदा तरी सांगायलाच हवी. जुन्या पंपाच्या गाड्यांत कोणता सिलेंडर काम करत नाही हे बघायला मिस्त्री चालू इंजिनात इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करत. कॉमन रेलमध्ये असे कधीही करू नका. ट्रकच्या टायरमधली हवा साधारण आठ बारची असते आणि या पाइपमधले डिझेल सोळाशे बारपर्यंत जाऊ शकते. सुईच्या टोकाएवढ्या गळतीतून ते कातडी भेदून हातात शिरते. जखम वरून टाचणी टोचल्यासारखी दिसते आणि बोट, कधी हात कापायची वेळ येते. असे झाले तर हळद लावून बसू नका, तडक मोठ्या इस्पितळात जा आणि दाबाचे डिझेल आत गेले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. घरातले पोर गॅरेजमध्ये शिकत असेल तर हा परिच्छेद त्याला मोठ्याने वाचून दाखवा. तसेच गाडीच्या बॉडीला वेल्डिंग करताना बॅटरीच्या तारा आणि ईसीएमचा प्लग काढून ठेवा. लोखंडाच्या या शहरात रोज कुणी ना कुणी बॉडीला वेल्डिंग करत असतो, आणि चांगल्या ईसीएमचा जीव असा जातो.

मजुरी विचारली तर उस्तादांनी सांगितलेली रक्कम ऐकून आम्हीच वाढवून दिली. त्यांनी वरचे परत केले. म्हणाले, “हे त्याला द्या, ज्याने मला बिघाड सांगितला.”

मंठ्याची बस

गाडी दुरुस्त झाली, पण त्या रात्री अम्मींनी आम्हा दोघांना जेवायला वाढले नाही. आधी समोर बसवले. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत आलेली खबर आधी पारखून घेण्याचा हुकूम आहे आणि बाराव्या आयतीत बदगुमानीपासून दूर राहण्याचा. त्या दोन्ही आम्हाला लहानपणी त्यांनीच शिकवल्या होत्या. त्यांनी त्या परत म्हटल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “नमाज सुटली तर अल्लाहकडे तौबा आहे. माणसाचा हक मारला तर अल्लाह त्या माणसाकडे पाठवतो. उद्या फजरनंतर निघा. ट्रक नेऊ नका. बसने जा, तो गेला तसे.”

बसमध्ये आम्ही दोघेही बोललो नाही. काका घरामागे शेळीला पाला टाकत होते. आम्हाला बघून त्यांनी आधी घाबरून विचारले, “अम्मी बऱ्या आहेत ना?” पुढचे बोलायला आम्हाला वेळ लागला. कापलेले सहा हजार, बसून काढलेल्या दिवसांचा पगार आणि उस्तादांनी परत केलेले पैसे असे तीन वेगवेगळे हिशेब आम्ही त्यांच्या बायकोसमोर मांडले. चोरीचा संशय आहे हे त्यांच्या घरात कळले होते, त्यामुळे माफीही घरातल्यांसमोर मागायला हवी होती. काकू काही बोलल्या नाहीत. पैसे त्यांनी दोनदा मोजले आणि आत नेऊन ठेवले. चहा मात्र बऱ्याच वेळाने आला, आणि तो आम्हाला योग्य वाटला.

काका सगळे ऐकून घेत होते. देगचीची गोष्ट सांगितली तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू आले. मग त्यांनी मुद्द्याचे विचारले, “जुना सेन्सर फेकला का?”

तो आमच्या खिशातच होता. त्यांनी तळहातावर घेतला, उलटासुलटा करून बघितला, अंगणातल्या लोखंडी पलंगाजवळ नेला. तो पायाला टच करून चिकटला.

दुसऱ्या आठवड्यापासून काका परत गाडीवर आहेत. सेन्सर आता केबिनमध्ये, दाराच्या चौकटीला चिकटलेला आहे. नवा क्लीनर आला की काका त्याला आधी तो काढायला सांगतात, आणि मग वाटूरपर्यंतचा रस्ता त्याच गोष्टीत जातो.